सवयींचा रोग : डॉ. खानोलकरांचे निबंध

जबलपूरच्या जुन्या वस्त्यांतून दुपारच्या वेळी चालत गेले, तर ओसरीवर मांडीत सूप घेऊन बसलेल्या स्त्रिया अजूनही दृष्टीस पडतात. सुपात एका बाजूस भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने असतात आणि दुसऱ्या बाजूस तंबाखूचा चुरा. पत्र्याच्या मापावर पान कातरावयाचे, चिमूटभर तंबाखू पसरावयाची, पान वळून टोक मुडपावयाचे आणि दोऱ्याचा वेढा द्यावयाचा, एवढा तो उद्योग. मजुरी हजारावर मोजली जाते. सट्टेदार माल घेतो आणि त्यातील वाकडीतिकडी विडी छाट म्हणून बाजूला टाकतो. तेंदू म्हणजे आपल्याकडील टेंभुर्णी. सातपुड्याच्या आणि विंध्याच्या रानांत ती विपुल असल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी जबलपुरास या धंद्याचे मोठे केंद्र केले. गोंदिया आणि भंडारा ही त्याच धंद्याची मराठी मुलखातील ठाणी. 1956 पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होती, हे येथील मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

ही विडी ओढणाऱ्याच्या घशाचे काय होते, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला तो मात्र दूर मुंबईस, परळ येथील एका प्रयोगशाळेत. तो विचारणाऱ्यांत अग्रगण्य होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचा जन्म 1895 चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी 1923 मध्ये मिळविली आणि मायदेशी परतून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचेही ते पहिले संचालक. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा सन्मान, ही यादी आणखी वाढविता येईल. परंतु 1978 साली त्यांचे निधन झाल्यानंतरही जे टिकून राहिले, ते या पदांमुळे नव्हे, तर त्यांच्या शोधनिबंधांमुळे.

निबंधांची संख्या शंभराहून अधिक आहे. संशोधकाची योग्यता अशा संख्येवरून ठरविण्याचा प्रघात हल्ली फार वाढला आहे. कोणाचे किती निबंध छापले गेले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, याचे तक्ते मांडले जातात. कचेरीत किती कागद निकालात निघाले यावरून कारभाराची प्रत ठरवावी, तशातलाच हा प्रकार होय. आकडा खोटा नसतो, पण पुष्कळदा तो मुक्याने बसतो. खानोलकरांच्या बाबतीत शंभरांपैकी तीन-चार निबंध हाती घेतले, तरी त्यांच्या कार्याचा गाभा कळतो.

पहिला 1944 चा. अमेरिकेतील कर्करोगविषयक एका प्रतिष्ठित नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. विषय होता मुंबईतील मुखाचा कर्करोग, आणि आधार होता ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा. यातील ‘ओळीने आलेल्या’ हे शब्द सहज वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. वैद्याच्या स्मरणात राहतात ते विलक्षण रुग्ण, आणि स्मरणावर विसंबून लिहिले की विलक्षण तेच सामान्य भासू लागते. दारात येईल त्याची नोंद करावयाची आणि मध्ये कोणाला गाळावयाचे नाही, असा नियम पाळला म्हणजे मग आवडीनिवडीला वाव उरत नाही. त्या काळी हिंदुस्थानात कर्करोग विरळा, तो सुधारलेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी रूढ होती. मद्रासेत निब्लॉक यांनी 1902 मध्ये आणि त्रावणकोरात ऑर यांनी 1933 मध्ये तोंडाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते खरे, परंतु एका शहरातील हजार रुग्णांची, सूक्ष्मदर्शकाखाली पारखलेली नोंद समोर आल्यावर त्या समजुतीला फारसा आधार राहिला नाही. कर्करोग येथेही होता, मात्र तो वेगळ्या जागी बसला होता. युरोपात जठर व फुप्फुस यांचे जे स्थान, ते येथे तोंडाने आणि घशाने घेतले होते.

जागा वेगळी का, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधणारा निबंध खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासह 1945 मध्ये लिहिला. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. कमरेला धोतर किंवा लुगडे वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधले की त्या घट्ट वेढ्याखाली त्वचा घासली जाते, काळवंडते, तेथे व्रण होतो आणि क्वचित त्याच व्रणातून कर्करोग उद्भवतो. या प्रकाराला ‘धोतर-कर्करोग’ हे नाव मिळाले आणि ते जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाले. खैनीचेही तसेच. चुना मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आतील खोबणीत धरून ठेवण्याची सवय जेथे आहे, तेथे कर्करोग नेमका त्याच खोबणीत आढळतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरतात, आणि तेथील पोटाच्या व मांड्यांच्या कातडीचा कर्करोग ब्रिटिश डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नमूद करून ठेवला होता. लंडनची धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट याने 1775 मध्येच दाखविले होते. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, अशा सुट्या नवलांकडे त्यांनी नवल म्हणून पाहिले नाही. मनुष्य काय नेसतो, काय चघळतो, काय ओढतो, त्याची खूण रोग शरीरावर जणू बोट ठेवून दाखवितो, हे सूत्र त्यांनी त्यातून काढले.

या सूत्रावर एक सरळ आक्षेप येऊ शकत होता. मुंबईत दक्षिणी हिंदू, गुजराती हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी असे निरनिराळे समाज शेजारी शेजारी राहतात, पण विवाह आपापल्या मंडळीतच करतात. त्यांच्यातील रोगाचे प्रमाण वेगळे आढळले, तर तो फरक सवयींचा कशावरून? रक्तातलाच नसेल कशावरून? पारशी समाजात तोंडाचा कर्करोग कमी आणि स्त्रियांच्या स्तनाचा अधिक, हे मुंबईतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले. आता पारशांना अग्नी पूज्य, म्हणून धूम्रपान त्यांना निषिद्ध, हे जितके खरे, तितकेच त्यांचे रक्त शतकानुशतके वेगळे राहिले हेही खरे. हा आक्षेप खानोलकरांनी टाळला नाही. डॉ. ल. दे. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांची सात आनुवंशिक लक्षणे, त्यांत रक्तगटही आले, तपासून 1949 च्या सुमारास तो वृत्तांत लंडनच्या आनुवंशशास्त्रीय पत्रिकेत प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या संशोधकाने जातीजातींचे रक्तगट मोजीत बसावे, हे वरवर विषयांतर भासते. वस्तुतः ती वाट मोकळी करण्याची धडपड होती.

आणि मग 1955 साली आला तो निबंध, ज्याचा जबलपूरशी सर्वांत निकटचा संबंध. संघवी, राव आणि खानोलकर या तिघांनी तो लिहिला आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. पाच वर्षांपूर्वी, 1950 मध्ये, याच नियतकालिकात डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. मुंबईच्या निबंधात प्रश्न अधिक बारकाईने विचारला गेला. रुग्ण तंबाखू खातो की ओढतो, की दोन्ही करतो, हे वेगवेगळे नोंदविले आणि रोग तोंडाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, तेही वेगवेगळे नोंदविले. मग तुलना केली. खाणाऱ्यांचा रोग मुख्यत्वे गालाच्या आतील अस्तरावर आणि तोंडाच्या पुढच्या भागात, तर विडी ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी, घशात आणि अन्ननलिकेकडे, असा तो हिशेब निघाला. एकाच समाजातील, एकाच चाळीतील दोन माणसे, एक चघळणारा आणि एक ओढणारा. एकाच मंडळीत सवय बदलली की रोगाची जागाही बदलते, याचा खुलासा केवळ रक्ताने होत नाही.

याचा सामान्य माणसाच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. कर्करोग म्हणजे प्राक्तन, ते कपाळावर लिहून आलेले, ही भावना आपल्याकडे खोल रुजलेली आहे. परळच्या या तक्त्यांनी निदान एका कर्करोगापुरते तरी ते लिखाण मनुष्याच्या स्वतःच्या हातचे असल्याचे सिद्ध केले. जे हाताने लिहिले जाते, ते थांबविताही येते.

या निबंधांत उणीव नव्हती असे नाही. परळच्या रुग्णालयात येणारा मनुष्य हा साऱ्या मुंबईचा प्रतिनिधी नव्हे. कोणाला गाडीभाडे जमते, कोणाला ठाऊक असते, कोणी गावीच देह ठेवतो. रुग्णालयाच्या नोंदींवरून लोकसंख्येतील प्रमाण सांगणे म्हणजे स्टेशनवरील उतारूंवरून गावची शिरगणती करणे होय. ती उणीव पुढील पिढीने भरून काढली, आणि एखाद्या संशोधनाचा खरा प्रभाव मोजावयाचा झाल्यास तो येथे मोजावा. 1963 मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. डॉ. जस्सावाला व देशपांडे यांनी 1971 मध्ये तंबाखू खाणाऱ्या व ओढणाऱ्या लोकांना असणारा धोका आकड्यांत मांडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांची पथके तर रुग्णाची वाट न पाहता थेट खेड्यांत गेली. पाच जिल्ह्यांतील 50,915 ग्रामस्थांची तोंडे तपासून त्यांनी आपला वृत्तांत 1969 मध्ये प्रसिद्ध केला. आंध्राच्या श्रीकाकुलम भागात पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्या स्त्रियांच्या टाळूवर रोगाच्या खुणा आढळल्या. खानोलकरांचे सूत्र पुन्हा एकदा, आणि या खेपेस त्यांच्या प्रयोगशाळेपासून शेकडो मैलांवर, खरे ठरले.

विडीपुरते बोलावयाचे, तर 1974 मधील हॉफमन, संघवी आणि विंडर यांचा निबंध महत्त्वाचा. विडीत तंबाखू ती किती? सिगारेटच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी. शिवाय वर झाडाचे पान, कागद नव्हे, तेव्हा विडी निरुपद्रवी, असा युक्तिवाद अगदी सुशिक्षितांच्या तोंडीही असे. या तिघांनी भारतीय विडी आणि अमेरिकन सिगारेट यांच्या धुराचे पृथक्करण शेजारी शेजारी मांडले. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, फिनॉल ही द्रव्ये कमी तर नाहीतच, उलट अधिक आढळली. कारण गमतीचे आहे, जर अशा गोष्टीस गमतीचे म्हणता येत असेल. तेंदूच्या पानातून हवा सहजी आत जात नाही, म्हणून विडी विझू पाहते. ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात. ज्या पानाला निर्दोष समजावे, तेच धूर छातीत खोल ओढावयास भाग पाडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1985 व 1986 मध्ये तंबाखू खाणे आणि ओढणे यांवर स्वतंत्र खंड प्रसिद्ध करून दोन्ही सवयी कर्करोगजनक ठरविल्या. 2004 मध्ये तंबाखूविरहित पान-सुपारीही त्याच वर्गात गेली. या खंडांत मुंबईच्या निबंधांचा आधार घेतलेला आहे.

शास्त्राच्या दप्तरातून कायद्याच्या दप्तरात जावयास मात्र या ज्ञानाला फार काळ लागला. 1975 साली संसदेने धोक्याचा इशारा छापण्याची सक्ती केली, ती केवळ सिगारेटवर. विडीविषयीचा निबंध प्रसिद्ध होऊन तेव्हा वीस वर्षे लोटली होती, आणि देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे कितीतरी अधिक होते. तरीही विडी त्या कायद्यातून वगळली गेली. करही तिच्यावर सिगारेटहून हलकाच राहत आला. यात केवळ उदासीनता होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. विडीच्या मागे सूप घेऊन बसलेली ती स्त्री होती. रानातून पाने खुडून आणणारी आदिवासी कुटुंबे होती. मध्य प्रदेशात 1964 पासून तेंदूपानाचा व्यापार शासनाने आपल्या हाती घेतलेला होता, आणि विडी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा 1966 मध्ये झाला होता. एकाच सरकारला एका हाताने विडी वळणाऱ्याची मजुरी राखावयाची होती आणि दुसऱ्या हाताने ओढणाऱ्याचा घसा. अखेर 2003 च्या कायद्याने तंबाखूचे सर्वच पदार्थ एका छत्राखाली आणले आणि 2009 पासून पुडक्यांवर चित्रमय इशारा आला. गुटख्यावर बंदी घालण्यात मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 रोजी पहिला मान मिळविला. महाराष्ट्राने त्याच वर्षी त्याचे अनुकरण केले.

2016 पासून हा इशारा पुडक्याचा 85 टक्के पृष्ठभाग व्यापतो. विडीचे बंडल एका टोकास निमुळते, त्यामुळे रोगग्रस्त मुखाचे ते चित्र गुंडाळलेल्या कागदासोबत वळते आणि अर्धेअधिक पाठीमागे जाते. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात घसा दाखवावयास येणाऱ्या मनुष्याला किंवा परळच्या रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या मराठी शेतकऱ्याला, तोंड उघडावयास सांगण्यापूर्वी डॉक्टर आज जे विचारतात, ते 1955 च्या त्या तक्त्याचे मथळेच होत: खाता की ओढता, दिवसाकाठी किती, आणि किती वर्षांपासून?