झेडपीची शाळा कुणाच्या हातात?

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. किनवट आदिलाबादकडून नांदेडला येऊन जेमतेम साडेपाच वर्षं झाली होती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून आलेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. शाळा मोजक्या, वरच्या वर्गांची भाषा उर्दू, आणि मराठी शाळा काढायची तर सरकारी परवानगीच्या दारात ताटकळायचं. म्हणून तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय ही नावं इथं शिक्षणाच्या इतिहासाइतकीच मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातही येतात. स्वामी रामानंद तीर्थ दोन्हीकडे शिकवत होते.

त्या काळचं दप्तर अजून पुरतं मिटलेलं नाही. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली. पिवळी पडलेली पानं, कुठं उर्दू, कुठं मोडी, सनही फसली. एरवी दाखल्यापुरती उघडली जाणारी ही वही अचानक गावातलं सर्वात महत्त्वाचं कागदपत्र ठरली. वही मात्र शाळेची, शाळा झेडपीची आणि शोधाचा हुकूम मुंबईचा. गेल्या साठ वर्षांत इथल्या शाळांचा कारभार कसा सरकत गेला, ते एवढ्यात दिसतं.

निजामाच्या राज्यातून मराठवाड्याला आणखी एक वारसा मिळाला, तो बाकीच्या महाराष्ट्राच्या सहसा ध्यानात नसतो. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की रयतसारखी एखादी संस्था डोळ्यांसमोर येते. इथं ‘जिल्हा परिषद प्रशाला’ येते. हैदराबाद संस्थानात हायस्कुलं सरकारीच असायची, ती पुढे परिषदेकडे आली. नांदेडात वजिराबादचं मल्टिपर्पज हायस्कूल आजही त्याच नावानं ओळखलं जातं. त्यामुळे नांदेड-लातूरची जिल्हा परिषद पहिलीच्या बाराखडीपासून दहावीच्या बोर्डापर्यंतची मालक झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या परिषदांवर सहसा एवढी जबाबदारी नव्हती.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६१ चा कायदा झाला. त्यामागचा विचार सरळ होता: गावच्या शाळेचा निर्णय जिल्ह्यातच व्हावा. शिक्षण समिती, तिचा सभापती, शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, बीटाला विस्तार अधिकारी अशी उतरंड उभी राहिली. पैसा पहिल्यापासून राज्य सरकारचाच. गुरुजींचा पगार शासनाच्या अनुदानातून यायचा. पण शाळा कुठं काढायची, कुठल्या तांड्याला गुरुजी द्यायचा, गळणारं छप्पर आधी कुणाचं शाकारायचं, हे सभागृहात ठरायचं. तिथं भांडणं व्हायची, पण भांडायला माणूस समोर असायचा. बाभळगावचे विलासराव देशमुख सरपंचपदावरून पंचायत समिती आणि उस्मानाबाद जिल्हा परिषदेत गेले ते याच काळात. मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी कारभाराची मुळाक्षरं शाळाखोल्यांच्या आणि मास्तरांच्या बदल्यांच्या भांडणात गिरवली.

बदल्या हा त्या कारभाराचा सडका भाग होता, हेही सांगायला हवं. मे महिना लागला की झेडपीच्या आवारात चपला झिजवणाऱ्या गुरुजींची गर्दी व्हायची. ज्याच्या गावचा मेंबर सत्तेत त्याला घराजवळची शाळा; ज्याचा कुणी नाही त्याला किनवट-माहूरचं जंगल किंवा जळकोटचा डोंगर. ‘शिक्षेची बदली’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. शिक्षा गुरुजींना व्हायची, भोगायची मात्र तिथल्या पोरांनी.

१६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला. नवी परिषद आली, नवं शिक्षण खातं आलं, आणि पुढे चाकूर, रेणापूर, देवणी, शिरूर अनंतपाळ, जळकोट असे तालुके वाढत वाढत आज दहा झाले. नांदेडचे सोळा. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या साडेचोवीस लाख, नांदेडची साडेतेहतीस लाखांच्या वर. आज नांदेडमध्ये झेडपीच्या शाळा दोन हजारांवर, लातूरमध्ये बाराशेंच्या वर. तालुका वाढला की गटशिक्षणाधिकाऱ्याची खुर्ची वाढते. त्या खुर्चीवर पूर्णवेळ माणूस बसेलच असं नाही. ‘प्रभारी’ हा इथल्या शिक्षण खात्यातला सर्वात टिकाऊ हुद्दा आहे.

त्याच सुमारास ‘लातूर पॅटर्न’ गाजू लागला. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची नावं वर्तमानपत्रांत झळकू लागली, नांदेडसह अख्ख्या मराठवाड्यातून पोरं अकरावी-बारावीला लातुरात खोल्या घेऊन राहू लागली. त्या कौतुकात एक गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. या पोरांतल्या कितीतरी जणांची पहिली ते सातवी झेडपीच्या शाळेत, एका खोलीत दोन वर्ग बसवून झालेली होती. पॅटर्नचं श्रेय बारावीला गेलं, पाया घालणारे गुरुजी कुठल्याच फलकावर आले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती. लातूर-उस्मानाबादमधली बावन्न गावं पुढे नव्या जागी वसवली गेली, आणि नव्या गावठाणात शाळाही नव्यानं बांधल्या गेल्या. भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. दगडमातीच्या धाब्याखालची शाळा गेली, सिमेंटची आली. गावाची शाळा कशी असावी, याचा नकाशा मात्र पहिल्यांदाच गावाबाहेरून आला.

लगेच १९९४ मध्ये केंद्र सरकारचा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी आला. महाराष्ट्रातून पहिल्या फेरीत पाच जिल्हे निवडले गेले: औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड. पाचही मराठवाड्यातले, आणि निवडीची कसोटी स्त्रियांच्या साक्षरतेतलं मागासलेपण. आपल्या मागासपणाचा असा फायदा झाल्याचं हे विरळा उदाहरण. त्याच वर्षी राज्यात केंद्रप्रमुखाचं पद निर्माण झालं. दहा-पंधरा शाळांमागे एक माणूस, तोही अनुभवी शिक्षक, ज्यानं आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत वर्गात बसून पाहावं. माझ्या मते या सगळ्या काळातली ही सर्वात शहाणी सुधारणा होती. पुढे तिचं काय झालं? केंद्रप्रमुखाची मोटारसायकल शाळेच्या दारात दिसली की गुरुजी विचारू लागले, ‘आज कोणती माहिती पाहिजे?’

सर्व शिक्षा अभियानाच्या दशकात वस्त्या-तांड्यांवर वस्तीशाळा निघाल्या, भिंतींवर रंग आले, ताटात खिचडी आली. १९९५ पासून महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर तो शाळेतच शिजू लागला. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात न्यायालयाच्या आदेशानं दुष्काळी भागात सुट्टीतही पोषण आहार द्यायचा होता. शाळा बंद आणि चूल चालू, असा तो उन्हाळा. अभियानाच्या आधीच, २००० साली, ‘शिक्षणसेवक’ आला होता. पहिली तीन वर्षं महिना तीन हजार रुपये मानधन. ते २०२३ मध्ये सोळा हजार झालं. स्वस्तात शिक्षक मिळाला. तो स्वस्त आहे हे गावालाही कळलं.

या सगळ्या मागोव्यात मला सर्वात जास्त थांबावंसं वाटतं ते २०११ पाशी, आणि तेही नांदेडात. डॉ. श्रीकर परदेशी तेव्हा जिल्हाधिकारी होते. दहावी-बारावीच्या परीक्षा कॉपीमुक्त करण्याच्या मोहिमेमुळे ते आधीच गाजले होते. मग त्यांनी शाळांमधली पोरं मोजायचं ठरवलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आपल्याकडे शाळेचं सगळं अर्थकारण पटावर उभं आहे. पट वाढला की तुकडी मिळते, तुकडी मिळाली की शिक्षकाचं पद, मग अनुदान, गणवेश, तांदूळ. साहजिकच पट कागदावर फुगतो. एकच पोरगं झेडपीच्या हजेरीत, संस्थेच्या शाळेत आणि वसतिगृहाच्या वहीत अशा तिन्ही ठिकाणी ‘उपस्थित’ असायचं. त्यामुळे मोजणी सगळ्या शाळांत एकाच वेळी करायची, आणि मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानाची शाई लावायची, असं ठरलं. महसूल खात्याची माणसं शाळेत शिरली. नांदेड जिल्ह्यातच लाखाहून अधिक नावं अशी निघाली, की ज्यांना बोट नव्हतं.

सरकारनं तीच रीत उचलली आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. राज्यात वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी जादा दाखवलेले निघाले. चौदाशेहून अधिक शाळांत पटावरची निम्मी मुलंही हजर नव्हती. हे प्रकरण पुढे वर्षानुवर्षं उच्च न्यायालयात चाललं.

तारखांकडे जरा पाहा. ६ ऑक्टोबरला दसरा होता. मुखेड, कंधार, लोहा, जळकोटकडच्या टोळ्या उचल घेऊन दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, आणि बरोबर पोरंही. म्हणजे पडताळणी झाली ती मुलं गावात असण्याच्या शेवटच्या दिवसांत. संचमान्यतेसाठी, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवायला धरली जाणारी पटाची तारीखही ३० सप्टेंबर. तीच मोजणी डिसेंबरात झाली असती तर कितीतरी प्रामाणिक शाळाही बोगस ठरल्या असत्या. आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात ती याच गावांत. पण त्यांची मंजुरी आणि टोळीची उचल यांचं वेळापत्रक जुळतंच असं नाही. पोरगं एकदा ट्रॉलीत बसलं की मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही.

पटपडताळणीनं चोरी पकडली, ते बरंच झालं. पण तिनं एक सवयही लावली: शाळेवर विश्वास ठेवायचा नाही, वरून मोजायचं. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत ती सवय संगणकात उतरली. सरल, शालार्थ, यू-डायस ही पोर्टलं, मग आधार जुळणी. आधारवर नाव ‘क्रिष्णा’ आणि रजिस्टरात ‘कृष्णा’ असलं, की पोरगं वर्गात बसलेलं असूनही पटातून गळतं आणि त्याच्या पाठोपाठ एखादं पद धोक्यात येतं. भरती ‘पवित्र’ पोर्टलवर गेली. २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयानं जिल्ह्यांतर्गत बदल्याही ऑनलाइन झाल्या. सोपं क्षेत्र, अवघड क्षेत्र, विशेष संवर्ग, वीस गावांचे पसंतीक्रम. रात्री यादी लागली की कळायचं कुणी कुणाला ‘खो’ दिला. विस्थापित शिक्षकांनी मोर्चे काढले. तरी एक मान्य करावं लागेल. ज्या बाईंना कुणी मेंबर ओळखीचा नव्हता, त्यांनाही पहिल्यांदा नियमानं घराजवळची शाळा मिळाली. सभागृहातल्या भांडणांनी जे पन्नास-पंचावन्न वर्षांत केलं नव्हतं, ते सॉफ्टवेअरनं एका रात्रीत केलं. फक्त चूक झाली तर भांडायला समोर कुणी उरलं नाही.

मार्च २०२२ मध्ये दोन्ही परिषदांची मुदत संपली. निवडणुका रखडल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. वर्षामागून वर्ष शिक्षण समितीची खुर्ची रिकामी राहिली. याच काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तोरणमाळ आणि पानशेतच्या अशाच शाळांचे दाखले देऊन. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या आसपास. तांड्यावरची शाळा हलवावी की नाही, हा १९६१ च्या कायद्यानुसार अगदी झेडपीचा प्रश्न. पण तो मांडायला दोन्ही जिल्ह्यांत निवडून आलेला एकही सदस्य पदावर नव्हता. शिक्षण हक्क कायद्यानं दिलेली शाळा व्यवस्थापन समिती तेवढी होती. तिच्यात पाऊण सदस्य पालक. मजुरी बुडवून बैठकीला आलेल्या या पालकांपुढे ठराव बहुधा आधीच लिहून ठेवलेला असतो.

परिषदेचा कायदा कुणी रद्द केलेला नाही. सभापतीचं दालन, त्याची पाटी, त्याची गाडी सगळं कायम आहे. नवा सभापती खुर्चीवर बसेल तेव्हा त्याच्या टेबलावर येईल तो सेस फंडातला थोडा पैसा, वर्गखोल्यांच्या दुरुस्तीची यादी, सौर पॅनल आणि बाकांच्या मागण्या, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फायली. भरती पुण्यातून, संचमान्यता पोर्टलवरून, बदली सॉफ्टवेअरमधून, अभ्यासक्रम मंत्रालयातून. मुखेडच्या एखाद्या तांड्याचा नाईक शिक्षक मागायला त्याच्या दालनात आला, तर त्याला चहा पाजून गटशिक्षणाधिकाऱ्याला फोन लावून देण्यापलीकडे सभापतीच्या हातात फार काही नसेल. आणि तो गटशिक्षणाधिकारीही प्रभारीच असेल.