सडपातळ देहातील मेद आणि इन्शुलिनचा स्राव

मधुमेह हा स्थूल माणसाचा आजार, ही समजूत जळगाव-धुळे परिसरातील सुशिक्षितांतही दृढ आहे. सडपातळ बांध्याचे अध्यापक रक्तशर्करेची तपासणी टाळतात, कारण वजनकाटा त्यांना निर्धास्त करतो. ही निर्धास्ती शरीरक्रियाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मेदऊती म्हणजे केवळ ऊर्जेचे कोठार, ही कल्पना १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिनचे जनुक शोधल्यानंतर मागे पडली. मेदऊती ही अंतःस्रावी ग्रंथीसारखी वागते आणि तिची संप्रेरके थेट स्वादुपिंडापर्यंत पोहोचतात. इन्शुलिन मेदपेशींना लेप्टिन निर्माण करण्यास उद्युक्त करते. उलट लेप्टिन बीटा पेशींवरील ग्राहींना जोडले जाऊन पोटॅशियमच्या वाहिन्या उघडते. त्यामुळे पेशीत कॅल्शियमचा प्रवेश मंदावतो व इन्शुलिनचा स्राव घटतो. स्थूलतेत लेप्टिन वाढूनही त्याचा प्रभाव क्षीण होतो आणि हा लगाम सैल पडतो, असे मानले जाते.

अडिपोनेक्टिनचे वर्तन विपरीत आहे. ते यकृत व स्नायूंची इन्शुलिनला मिळणारी प्रतिसादक्षमता वाढविते. पण मेद वाढला की त्याचेच रक्तातील प्रमाण घटते. तिसरे संप्रेरक अॅडिप्सिन. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की, ते सी-३-ए या प्रथिनाच्या निर्मितीद्वारे बीटा पेशींचा स्राव वाढविते. ज्या मधुमेही रुग्णांच्या बीटा पेशी दुबळ्या झाल्या होत्या, त्यांच्या रक्तात अॅडिप्सिन कमी आढळले. म्हणजे मेदऊती सरसकट शत्रू नव्हे. प्रश्न ती किती आहे एवढाच नसून ती कोठे साठली आहे हाही आहे. आतड्यांभोवतीचा मेद त्वचेखालील मेदापेक्षा अधिक घातक ठरतो.

या दृष्टीने पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. मात्र ही तूट मुख्यतः स्नायूंची व पोटातील अवयवांची होती. पाठीवरील त्वचेखालचा मेद बराच टिकून होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्तात लेप्टिन लंडनच्या अधिक वजनाच्या बालकांइतकेच, तर इन्शुलिन अधिक आढळले. कृश दिसणारे बालक जन्मतःच मेदयुक्त असते, हा निष्कर्ष धक्कादायकच म्हणावा लागेल.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक व इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! (वर्गात दाखविण्याजोगे हे उत्तम उदाहरण आहे.)

पुण्याजवळील त्या खेड्यांप्रमाणेच शिंदखेडा, पारोळा या तालुक्यांतही पावसावरची शेती व कष्टकरी माता आहेत. तेथून शिकून बैठ्या नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या पिढीचे वजन फारसे वाढलेले नसले, तरी पोट सुटलेले असते. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, तर अतिवजनाची सीमा २३ या निर्देशांकावर निश्चित केली. महाविद्यालयांतील आरोग्य शिबिरांत वजनकाटा असतोच. मोजपट्टी क्वचितच असते.