स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' कादंबरीमालेविषयीचे वाचकांचे मतभेद : एक आकलन

प्रस्तावना :

लोकप्रिय साहित्य आणि अभिजात साहित्य यांच्यातील भेद हा साहित्य समीक्षेतील जुना प्रश्न आहे. एखादी साहित्यकृती लाखो वाचकांना प्रिय वाटते आणि त्याच वेळी तितक्याच तीव्रतेने तिचा उपहासही होतो, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहतो. अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरीमाला हे एकविसाव्या शतकातील याचे ठळक उदाहरण होय. या मालेतील 'ट्वायलाइट' (२००५), 'न्यू मून' (२००६), 'एक्लिप्स' (२००७) आणि 'ब्रेकिंग डॉन' (२००८) या चार कादंबऱ्यांच्या जगभरात १० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २००८ ते २०१२ या काळात त्यांवर पाच चित्रपट निघाले. या यशाबरोबरच मेयर यांच्यावर झालेली टीकाही तेवढीच मोठी आहे. प्रस्तुत लेखात या मतभेदांचे स्वरूप व त्यांमागील कारणे यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. 'ट्वायलाइट' मालेविषयी वाचकांत असलेल्या मतभेदांचे प्रमुख मुद्दे स्पष्ट करणे.
२. वाचककेंद्री समीक्षेच्या आधारे या मतभेदांची कारणमीमांसा करणे.
३. लोकप्रिय साहित्याचे मूल्यमापन करताना वाचकाचे स्थान कोणते, याचा विचार करणे.

लेखिका व कादंबरीमाला :

स्टेफनी मेयर यांचा जन्म १९७३ साली झाला. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात त्या वाढल्या. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून त्यांनी इंग्रजी विषयाची पदवी घेतली. त्या मॉर्मन पंथाच्या अनुयायी आहेत. जून २००३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नातून या कथेची कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. त्या वेळी त्या लहान मुलांचा सांभाळ करणाऱ्या गृहिणी होत्या.

कथानक थोडक्यात असे : सतरा वर्षांची बेला स्वान वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या पावसाळी गावी वडिलांकडे राहावयास येते. तेथे एडवर्ड कलन या देखण्या वर्गमित्राच्या प्रेमात ती पडते. एडवर्ड हा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरणासन्न असताना व्हॅम्पायर झालेला, तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिलेला तरुण असतो. त्याचे कुटुंब माणसांऐवजी प्राण्यांच्या रक्तावर जगते. दुसरीकडे, लांडग्याचे रूप घेऊ शकणारा जेकब ब्लॅक हा क्विल्यूट जमातीतील तरुणही बेलावर प्रेम करू लागतो.

व्हॅम्पायर या पात्राची परंपरा :

हे मतभेद समजून घेण्यासाठी व्हॅम्पायर या पात्राची पूर्वपरंपरा पाहणे आवश्यक आहे. जॉन पोलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' (१८१९) ही कथा, शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' (१८७२) आणि ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) या कृतींनी हे पात्र इंग्रजी साहित्यात रूढ केले. त्यात भय व आकर्षण दोन्ही असले तरी भयाचे पारडे जड होते. ॲन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६) या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतःची व्यथा स्वतः सांगू लागला. मराठी वाचकाला हे पात्र मुख्यतः भयकथेतूनच परिचित झाले आहे. स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर आधारलेली नारायण धारप यांची 'लुचाई' हे त्याचे उदाहरण होय.

मेयर यांनी भय बाजूला सारून प्रेमकथा केंद्रस्थानी आणली. त्यांचा व्हॅम्पायर उन्हात भस्म होत नाही, तर त्याची त्वचा हिऱ्यासारखी चमकते. भयकथेच्या वाचकांना ही परंपरेची थट्टा वाटली, तर प्रेमकथेच्या वाचकांना नायकाच्या अलौकिकतेची खूण वाटली. एकाच तपशिलाचे असे दोन अर्थ लागणे, हे पुढील साऱ्या मतभेदांचे सूत्र आहे.

मतभेदांचे प्रमुख मुद्दे :

अ) भाषा व शैली : मेयर यांची भाषा विशेषणांनी भारलेली असून एडवर्डच्या सौंदर्याची वर्णने वारंवार येतात, हा पहिला आक्षेप आहे. २००९ मध्ये स्टीफन किंग यांनी एका मुलाखतीत जे. के. रोलिंग यांच्याशी तुलना करून मेयर यांना चांगले लिहिता येत नाही, असे मत मांडले. परंतु त्याच मुलाखतीत, या कादंबऱ्या किशोरवयीन मुलींना प्रेम व शारीरिक ओढ यांचा थरार सुरक्षित अंतरावरून देतात, हेही त्यांनी मान्य केले. म्हणजे कृतीचा दर्जा नाकारणाऱ्यालाही तिचे कार्य नाकारता आले नाही. समर्थक वाचक शैलीचा बचाव क्वचितच करतात. पुस्तक खाली ठेववत नाही, हे त्यांचे उत्तर असते. 'न्यू मून'मध्ये एडवर्ड निघून गेल्यावर मेयर काही पानांवर केवळ महिन्यांची नावे देतात व बाकी पान कोरे सोडतात. टीकाकारांना ही पळवाट वाटते. विरहाचा अनुभव असलेल्या वाचकाला मात्र ती कोरी पानेच सर्वांत बोलकी वाटतात.

आ) प्रेम की नियंत्रण : हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत राहतो. 'एक्लिप्स'मध्ये ती जेकबकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनात बिघाड करून ठेवतो. जेकबही निर्दोष नाही. तो बेलाच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो; ती त्याला ठोसा मारते, त्यात तिचाच हात मोडतो आणि हे कळल्यावर तिचे वडील जेकबचे कौतुक करतात. अशा वर्तनाला प्रेमाचे नाव दिल्यास तरुण मुली नियंत्रणालाच काळजी समजू लागतील, अशी भीती स्त्रीवादी वाचकांनी व्यक्त केली. समर्थकांचे म्हणणे असे, की एडवर्ड हा माणूस नाही, त्याचा संयम हाच कथेचा विषय आहे आणि वाचक मुलींना कल्पित व वास्तव यांतील फरक कळतो.

इ) बेलाची निवड : बेला अठराव्या वर्षी शिक्षण बाजूला ठेवून विवाह करते आणि जिवावर बेतणारे बाळंतपण स्वीकारते. टीकाकारांना ती परावलंबी वाटते. मेयर यांची भूमिका अशी, की स्त्रीला निवडीचा हक्क असणे हाच स्त्रीवादाचा पाया असून बेला आपली निवड स्वतः करते. २०१५ मध्ये त्यांनी 'लाइफ अँड डेथ' ही स्त्री-पुरुष पात्रांची अदलाबदल केलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. बेलाची हतबलता स्त्री म्हणून नसून अलौकिक शक्तींमध्ये सापडलेला माणूस म्हणून आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. हा युक्तिवाद काही अंशी पटतो. तथापि नायकाच्या जागी नायिका आल्याने पाळत ठेवणे व निर्णय लादणे यांचे स्वरूप बदलत नाही, हेही त्यातून दिसून येते.

ई) धर्म व नीती : विवाहापूर्वी शारीरिक संबंध नकोत, हा एडवर्डचा आग्रह मेयर यांच्या धार्मिक संस्कारांशी जोडला गेला. काही पालकांना त्यात संयमाचा आदर्श दिसला. याउलट ग्रंथालयांतून ही पुस्तके हटवावीत अशी मागणीही झाली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पहिल्या दहा पुस्तकांच्या २००९ व २०१० च्या याद्यांत या मालेचा समावेश होता. एकाच पुस्तकाला कोणी अतिसोवळे म्हणावे आणि कोणी अश्लील, ही बाब लक्षणीय आहे.

उ) क्विल्यूट जमातीचे चित्रण : क्विल्यूट ही कल्पित जमात नसून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील ला पुश येथे राहणारी मूळनिवासी जमात आहे. त्यांच्या उत्पत्तिकथेत लांडग्यांपासून माणसे निर्माण झाली, असे मानले जाते. माणसाने लांडगा होऊन लढण्याची कल्पना मेयर यांची आहे. कादंबऱ्यांमुळे फोर्क्स व ला पुश येथे पर्यटक येऊ लागले आणि जमातीचे नाव अनेक वस्तूंवर झळकले. त्या प्रमाणात जमातीचा लाभ मात्र झाला नाही, अशी टीका झाली. सिॲटल येथील बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने कादंबरीतील चित्रण व वास्तव यांतील फरक लोकांपुढे मांडला. त्सुनामीच्या धोक्यामुळे उंच जागी स्थलांतर करणे ही या जमातीची खरी निकड आहे. २०१२ च्या एका कायद्याने त्यासाठी ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील जमीन तिला मिळाली.

चाहत्यांमधील मतभेद :

मतभेद केवळ चाहते व टीकाकार यांच्यात नव्हते. चाहत्यांतही एडवर्डचा पक्ष आणि जेकबचा पक्ष असे दोन तट पडले. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. परंतु त्यामागे प्रेमाच्या दोन कल्पना आहेत. सर्वस्व विसरावयास लावणारे प्रेम श्रेष्ठ, की दुःखात सावरणारी मैत्री श्रेष्ठ, हा तो प्रश्न होय. 'ब्रेकिंग डॉन' प्रसिद्ध झाल्यावर तर अनेक निष्ठावंत वाचकच नाराज झाले. जेकबचे बेलाच्या नवजात कन्येशी अलौकिक बंधनाने जोडले जाणे आणि अखेरचे युद्ध न होणे त्यांना रुचले नाही. काहींनी पुस्तकाच्या प्रती दुकानात परत करण्याचे आवाहनही केले. चाहता वाचक हा अविवेकी असतो, या समजुतीला या घटनेने छेद दिला.

२०२० मध्ये एडवर्डच्या दृष्टिकोनातून लिहिलेली 'मिडनाइट सन' प्रकाशित झाली. एडवर्डच्या मनातील अपराधभाव वाचून काहींची सहानुभूती वाढली, तर त्याच्या मनातील पाळतीचे तपशील वाचून काहींचा आक्षेप अधिक दृढ झाला.

वाचककेंद्री कारणमीमांसा :

हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी त्याची अपेक्षा घडलेली असते. 'ड्रॅक्युला' वाचून आलेला वाचक आणि 'वुदरिंग हाइट्स' वाचून आलेला वाचक एडवर्डकडे वेगळ्या अपेक्षेने पाहणारच. हे क्षितिज उलट दिशेनेही सरकते. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये 'वुदरिंग हाइट्स'ची एक आवृत्ती बेला व एडवर्ड यांचे आवडते पुस्तक अशी ओळख मुखपृष्ठावर देऊन काढण्यात आली आणि ती चांगली खपली. लोकप्रिय कादंबरीच अभिजात कादंबरीचा दरवाजा ठरली.

स्टॅन्ली फिश यांच्या मते अर्थ हा वाचकसमूहाच्या समान वाचनरीतीतून घडतो. भयकथेचे रसिक, स्त्रीवादी अभ्यासक, धर्मनिष्ठ पालक आणि किशोरवयीन मुली हे असे वेगवेगळे समूह आहेत. ते एकमेकांना उत्तर देत आहेत असे वाटते, पण प्रत्यक्षात प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांशी बोलून दाखवून दिले, की घरकामाच्या धबडग्यात स्वतःसाठी काढलेला वेळ, हाच त्यांच्या वाचनाचा मोठा अर्थ होता. कथेतील पुरुषप्रधानता आणि वाचनकृतीतील स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तथापि दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी, की 'ट्वायलाइट'वरील उपहासाचा बराच भाग पुस्तकाऐवजी त्याच्या वाचक मुलींवर होता. मुलग्यांच्या आवडीच्या साहसकथांमध्येही अतिशयोक्ती असते. पण त्या वाचणाऱ्यांना कोणी खुळे म्हणत नाही. दुसरी अशी, की सर्व मते वाचकसापेक्ष आहेत असे म्हणून सर्वच आक्षेप समान पातळीवर आणता येत नाहीत. चमकणारी त्वचा आवडणे न आवडणे हा अभिरुचीचा प्रश्न आहे. जिवंत जमातीच्या परंपरेचे चित्रण हा मात्र वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो पडताळून पाहता येतो.

निष्कर्ष :

१. 'ट्वायलाइट'विषयीचे मतभेद हे प्रामुख्याने वाचकांच्या भिन्न अपेक्षांतून निर्माण झाले आहेत.
२. शैलीविषयीचे आक्षेप बहुतांशी ग्राह्य असले तरी त्यांतून या मालेच्या लोकप्रियतेचे स्पष्टीकरण मिळत नाही.
३. नायकाच्या नियंत्रक वर्तनावरील आक्षेप हा सर्वांत महत्त्वाचा असून लेखिकेच्या उत्तरांनी तो पूर्णतः दूर होत नाही.
४. चाहते वाचकही चिकित्सक असतात, हे 'ब्रेकिंग डॉन'च्या स्वागतावरून स्पष्ट होते.
५. लोकप्रिय कृतीची चिकित्सा करणे आणि तिच्या वाचकाची अवहेलना करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

साहित्याच्या अध्यापनात या शेवटच्या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. जी विद्यार्थिनी आवडीचे पुस्तक हसण्यावारी नेले जाईल म्हणून लपवते, तिच्याशी त्या पुस्तकातील प्रेम व नियंत्रण यांविषयी बोलण्याची संधी शिक्षक गमावतो. तिची आवड गांभीर्याने घेतली, तरच तिच्यापुढे प्रश्न ठेवता येतो. आणि प्रश्न विचारीत वाचणे हेच साहित्य शिक्षणाचे प्रयोजन होय.