अल्सेशियन की कारवानी? मोठा कुत्रा आणण्याआधी

वावरात चणा, तूर उभी असली की रात्री रानडुकरं आणि रोही येतात. घरचा माणूस जागलीला जातो. घरी उरतो आपण, लेकरं, म्हातारी माणसं आणि गोठ्यातल्या बकऱ्या. म्हणून गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतो: घराला एक दांडगा कुत्रा हवा, अल्सेशियन आणू की कारवानी? कोणी त्यासाठी अंतर्गत कर्जही मागते. दोन्ही जाती चांगल्या आहेत, पण दोघांचे स्वभाव आणि गरजा वेगळ्या आहेत. त्या समजून घेऊ.

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. नावातच मेंढपाळ आहे. 1899 च्या सुमारास जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांपासून ही जात तयार झाली. हुशार, शिकवलेलं लवकर उचलणारा, अनोळखी माणूस दिसला की भुंकून घर जागं करणारा. म्हणूनच तो पोलिसांकडे दिसतो. पूर्ण वाढलेला नर 30 ते 40 किलोचा भरतो.

कारवानी आपल्या दख्खनचा. लातूर, सोलापूर, सांगलीकडे तो पूर्वीपासून पाळतात. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात, आणि 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. उंच, सडपातळ, लांब पायांचा, वजनाने अल्सेशियनपेक्षा हलका. त्याच्या बरगड्या थोड्या दिसतात. ती त्याची ठेवणच आहे, उपाशी आहे म्हणून कोंबून खाऊ घालू नका. तो नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखा धावतो. भुंकतो कमी, परक्याला जवळ येऊ देत नाही आणि घरच्यांशीही फार लाडीगोडी करत नाही. ओरडलं, मारलं तर मनात धरतो.

आता आपल्या घरापुरता विचार करू.

पहिली गोष्ट ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अल्सेशियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंड देशासाठी. टिनाच्या शेडखाली दुपारी बांधून ठेवला तर त्याला उष्माघात होऊन जीव जाऊ शकतो. त्याला गार सावली, ओलं पोतं आणि दिवसभर भरलेलं पाण्याचं भांडं लागतंच. केसही वर्षभर गळतात, म्हणजे झाडणं वाढलं. कारवानीचे केस आखूड असतात, ऊन तो त्यामानाने सोसतो. सावली आणि पाणी मात्र त्यालाही हवं. थंडीत रात्री त्याच्याखाली पोतं टाका.

दुसरी गोष्ट बकऱ्या-कोंबड्या. पळणारी वस्तू दिसली की कारवानी मागे सुटतो, तो त्याचा जन्मस्वभाव आहे. लहानपणापासून बकऱ्यांमध्ये वाढवला तर घरच्या बकऱ्यांना तो ओळखतो, पण शेजारणीच्या कोंबडीची खात्री देता येत नाही. कोंबड्या हाच तुमचा धंदा असेल तर दहादा विचार करा. अल्सेशियनला राखणीची शिकवण देणं सोपं जातं, पण तेही पिल्लूपणीच सुरू करावं लागतं.

तिसरी गोष्ट वेळ. या दोन्ही कुत्र्यांना रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पळायला लागतं. अल्सेशियनच्या डोक्यालाही काम लागतं. दिवसभर साखळीला बांधलेला मोठा कुत्रा चिडका होतो आणि मग लेकरालाही चावतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे त्याला फिरवून कोण आणणार, हे आधी ठरवा. कुत्रा दीर आणतो, हौस लेकरांची असते आणि भाकर टाकायची, घाण काढायची वेळ आली की काम आपल्याकडे येतं. म्हणून घरात विचारणा होईल तेव्हा आपलं मत स्पष्ट सांगा.

चौथी गोष्ट खर्च. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, पोट रोजचं असतं. रोज दोन अंडी धरली तरी महिन्याची साठ अंडी झाली. वर भाकरी, दूध, लसी, जंताचं आणि गोचिडाचं औषध. असा कुत्रा साधारण दहा-बारा वर्षं जगतो. लेक पाचवीत असताना आणलेला कुत्रा ती बी. ए. होईपर्यंत आपल्या दारात राहील. कर्ज मागण्याआधी हा हिशेब वहीत मांडा.

पिल्लू घेताना आठ आठवड्यांपेक्षा लहान घेऊ नका. त्याची आई दाखवायला सांगा. अल्सेशियनमध्ये कंबरेच्या सांध्याचा दोष पिढीतून येतो, म्हणून आई लंगडत तर नाही ना, ते बघा. तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस द्या. पुढच्या लसी कधी द्यायच्या, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि सगळे डोस पूर्ण करा. रेबीज झाल्यावर इलाज नाही.

आणखी दोन सूचना. गिरडकडे जंगलालगत ज्यांचं वावर आहे, त्यांनी कोणताही कुत्रा रात्री वावरात बांधून ठेवू नये. बिबट कुत्र्याला भक्ष्य समजतो आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. आणि हरीण, ससा किंवा रानडुकराच्या मागे शिकारीसाठी कुत्रा सोडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कारवानी पाळणाऱ्यांनी हे घरच्या पोरांना बजावून सांगावं.

मग निवड कशी करायची? घर वस्तीत आहे, गार पडवी आहे, शिकवायला कोणी रिकामं आहे आणि खर्च झेपतो, तर अल्सेशियन. कुंपणाचं मोकळं रान आहे, कोंबड्या नाहीत आणि रोज पळवणारं माणूस आहे, तर कारवानी. यातलं काहीच जमत नसेल आणि फक्त रात्री कोणी आलं तर कळावं एवढंच हवं असेल, तर आपल्या गल्लीतलं गावठी पिल्लू लस देऊन पाळा. ते आपलं ऊन, आपली भाकर जाणतं आणि त्याच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

पुढच्या बैठकीत हे चार मुद्दे वाचून दाखवा आणि ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आहे त्या ताईंना त्यांचा खर्च विचारा.