परदेशच्या व्यापाऱ्यास चाकणचा कांदा दिसावा म्हणून

चाकणच्या महात्मा फुले बाजार आवाराकडे कांद्याच्या गाड्या ज्या रस्त्यांनी येतात, त्याच रस्त्यांनी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या नव्या कोऱ्या मोटारी बाहेर पडतात. मोटार परदेशी गेली तरी तिच्यावर कारखान्याचे नाव कायम राहते. कांद्याचे तसे नाही. खेड तालुक्यातील शेतकऱ्याचा माल एकदा आडत्याकडून निर्यातदाराच्या हाती गेला, की तो नुसता ‘भारतीय कांदा’ होतो. तो कोणत्या गावाचा, हे कोलंबोच्या वा दुबईच्या व्यापाऱ्यास कळत नाही. आणि कळले तरी त्या गावाशी थेट बोलण्याची सोय त्याच्यापाशी नसते. ही सोय व्हावी या हेतूने शेतकरी उत्पादक कंपन्या आपली संकेतस्थळे काढू लागल्या आहेत.

परंतु संकेतस्थळ काढले म्हणजे ते परदेशात दिसू लागले, असे नव्हे. चाकणमध्ये बसून गूगलवर कंपनीचे नाव घातले, की तिचे पान सर्वांत वर येते आणि संचालक मंडळी समाधान पावतात. हे समाधान फसवे होय. शोधयंत्र हे शोधणाऱ्याचे ठिकाण व भाषा पाहून उत्तर देते. शिवाय जाकार्ताच्या व्यापाऱ्यास कंपनीचे नाव ठाऊकच नसते. तो कांदा शोधत असतो, आणि तोही स्वतःच्या शब्दांत.

शोधयंत्राची आज्ञावली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने वाचते आणि त्यांची सूची तयार करते. समानार्थी शब्द ती काही प्रमाणात ओळखते; तथापि पानावर ज्याचा मागमूसही नाही, त्यासाठी ते पान पुढे येण्याचा संभव थोडा. आता कांद्याचेच पाहा. आपल्याकडील पत्रकांत त्यास इंग्रजीत ‘रेड ओनियन’ असे लिहितात. श्रीलंकेत मात्र या नावाने लहान, घोसाचा कांदा ओळखतात. आपल्या मोठ्या कांद्यास तेथे ‘बिग ओनियन’ व सिंहलीत ‘लोकु लूनु’ म्हणतात. इंडोनेशियातही ‘बावांग मेराह’ म्हणजे शब्दशः लाल कांदा असला, तरी तो लहान जातीचा. मोठ्या कांद्याचे तेथील नाव ऐकून आपल्या शेतकऱ्यांस कौतुक वाटेल: ‘बावांग बॉम्बाय’. मुंबईचे नाव तेथील बाजारात रोज घेतले जाते, आणि मुंबईमागच्या शिवारातील कंपनीच्या पानावर तो शब्दच नसतो! मलेशियात ‘बावांग बसार’, बांगलादेशात ‘पेंयाज’, अरबी मुलखात ‘बसल’. यास्तव पान लिहिण्यापूर्वी त्या देशात माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून, अथवा तेथे राहणाऱ्या नातलगाकडून, बाजारातील चालू शब्द विचारून घ्यावा. केवळ शब्दकोशावर विसंबू नये.

प्रत्येक भाषेचे पान स्वतंत्र पत्त्यावर असावे. यंत्राने केलेले भाषांतर कोणी जाणत्याने तपासल्याखेरीज चढवू नये. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तेव्हा त्या पानाची मांडणीही तशीच हवी. कोणते पान कोणत्या भाषेसाठी आहे, हे शोधयंत्रास सांगणारी ‘एचरेफलँग’ नावाची खूण गूगलने २०११ साली आणली. ती दोन्ही बाजूंनी घालावी लागते; एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखविले व दुसऱ्याने दाखविले नाही, तर ती खूण व्यर्थ जाते. काही कारागीर पाहुण्याचा देश ओळखून त्यास आपोआप विशिष्ट पानावर ढकलण्याची योजना करतात. ती टाळावी. गूगलची वाचन करणारी आज्ञावली बहुतेक वेळा अमेरिकेतून येते. तिला एकच पान दिसते व बाकीची अंधारात राहतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ असल्यास शोधयंत्र ते स्थळ भारतातील वाचकांसाठी आहे असे धरते. निर्यात हाच हेतू असेल, तर ‘डॉट कॉम’ घेणे सोयीचे.

पानावर काय असावे? शेताच्या हिरव्या चित्रांपेक्षा व्यापाऱ्यास कांद्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, पोत्याचे वजन, साठवणुकीची रीत, चढविण्याचे बंदर, आयात-निर्यात क्रमांक व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राची माहिती हवी असते. ताज्या कांद्याचा आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क क्रमांक ०७०३.१० हाही लिहावा. तो कोणत्याही भाषेत तोच राहतो.

आणि जे लिहिले ते खरे असावे. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ रोजी ती खुली झाली, तेव्हा टनास ५५० डॉलर ही किमान किंमत व ४० टक्के शुल्क लागू होते. पुढे ते २० टक्क्यांवर आले व १ एप्रिल २०२५ पासून उठले. अशा काळात ‘बारमाही पुरवठा’ ही ओळ पानावर तशीच राहिली, तर व्यापारी एकदा विचारणा करतो आणि पुन्हा फिरकत नाही. पान सांभाळण्याचे काम एका ठराविक व्यक्तीकडे द्यावे, हे बरे.

‘पैसे द्या, पहिला क्रमांक देतो’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. असा भरवसा कोणासही देता येत नाही. विकत घेतलेले दुवे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. उघडकीस आल्यास पान खाली जाते अथवा सूचीतून काढले जाते. त्यापेक्षा परदेशातील खऱ्या खरेदीदाराने आपल्या पुरवठादारांच्या यादीत कंपनीचा दुवा दिला, तर तो अधिक उपयोगी. रशियात यांडेक्स, चीनमध्ये बायदू व दक्षिण कोरियात नेव्हर ही निराळी शोधयंत्रे चालतात. तिकडे माल धाडावयाचा असल्यास त्यांची वेगळी माहिती करून घ्यावी लागेल.

केलेल्या कामाचा उपयोग होतो किंवा नाही, हे ‘गूगल सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनावर पाहता येते. कोणत्या देशातून, कोणत्या शब्दांनी पान दिसले व किती जणांनी ते उघडले, याची नोंद तेथे मिळते. नवे पान सूचीत येण्यास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या मावळातील ज्या गुलाब उत्पादकांची नजर १४ फेब्रुवारीच्या परदेशी मागणीवर असते, त्यांनी त्या हंगामाचे पान जानेवारीत लिहावयास घेतले तर उशीर झालेला असतो. ते दिवाळीपूर्वीच तयार असावे.