पाखरं, पीक आणि कायदा : ऐकीव काय, खरं काय

भात दुधात आलं की पालघर तालुक्यातल्या खाचरांवर पाखरांचे थवे उतरायला लागतात. सकाळचे पहिले दोन तास आणि उन्हं कलल्यानंतरची वेळ, ही त्यांची जेवणाची. लोंबीतला एखादा दाणा नखाने दाबून पाहा, पांढरा चीक बाहेर येतो. मुनिया, सुगरण, चिमणी यांना हवा असतो तो हाच दाणा. चोचीत दाबून चीक शोषला की मागे राहतं ते पळींज. बांधावरून शेत भरलेलं दिसतं आणि नुकसानाचा खरा आकडा खळ्यावर वारं देताना समजतो. चिंचणी-वाणगाव भागात मिरचीच्या वाड्या, डहाणू-घोलवडला चिकू, सातपाटीला बांबूच्या मांडणीवर सुकत घातलेले बोंबील. पाखरांचा त्रास प्रत्येकाला आहे, फक्त पाखरू वेगळं.

या हंगामात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, सरकारने शेतकऱ्याचे हात बांधलेत, पाखरू नुसतं हुसकावलं तरी वनखातं केस करतं. दुसरी नेमकी उलट : कावळा, वटवाघूळ हे 'उपद्रवी'च्या यादीत आहेत, त्यांना खुशाल मारा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीमुळे शेतकरी हक्काचे उपायही करत नाही आणि दुसरीमुळे तो विनाकारण गुन्ह्यात अडकू शकतो.

आधी दुसरी समजूत पाहू, कारण तिला एकेकाळी आधार होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. सामान्य कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी तिच्यात होत्या आणि त्यांना मारायला परवानगी लागत नसे. डिसेंबर 2022 मध्ये कायदा बदलला, 1 एप्रिल 2023 पासून बदल लागू झाले आणि ती अनुसूचीच रद्द झाली. सहाच्या जागी आता चार अनुसूची आहेत. एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं तर केंद्र सरकारला कलम 62 खाली अधिसूचना काढावी लागते. तीही दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यापुरती, ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. ग्रामपंचायतीने ठराव करून किंवा तहसीलदाराने तोंडी सांगून हे होत नाही. जुन्या पुस्तिकेत किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात कावळ्याचं नाव दिसलं म्हणून छऱ्याची बंदूक बाहेर काढणं धोक्याचं आहे.

कंठवाला हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं, पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, बाजारात विकणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2022 च्या बदलाआधी या दंडाची मर्यादा 25 हजार होती. मोर पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे तिथे शिक्षा याहून कडक.

आणखी एक बारीक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कायद्यातली 'शिकार' बंदुकीपुरती नाही. विष घालणं, फास लावणं, सापळा मांडणं, आमिष ठेवणं, पक्ष्याची अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं, हे सगळं शिकारीतच येतं. विहिरीवर वाकलेल्या शिंदीला किंवा ताडाला लोंबणारी सुगरणीची घरटी काठीने पाडणं आपल्याकडे कुणाला गुन्हा वाटत नाही. कायद्याला वाटतो. शिवाय ते नुकसानीचंही आहे. डॉ. सालिम अली यांनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचं निरीक्षण केलं, तेव्हापासून या पक्ष्याचं घरगुती जीवन चांगलं माहीत आहे. मोठी सुगरण दाणे खाते, पण पिलांच्या तोंडात अळ्या आणि किडे भरवते. चिमणीचंही तसंच. श्रावणात भातावरच्या अळ्या टिपणारी चोच आणि भादव्यात लोंबी दाबणारी चोच एकाच पक्ष्याची असते. चीनने 1958 च्या मोहिमेत चिमण्या मारायला अख्खा देश उतरवला होता. पुढे किडी माजल्या आणि 1960 मध्ये मारायच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला.

आता पहिली समजूत : हुसकावणंही गुन्हा. नाही. डबा वाजवणं, हाळी देणं, बुजगावणं उभं करणं, माळ्यावर बसून राखण करणं, चमकणारी फीत ताणणं, फळझाडावर किंवा सुकत घातलेल्या मासळीवर जाळं घालणं यांपैकी कशालाही परवाना लागत नाही. गोफण मात्र जपून. दगड थव्यावर न मारता बाजूला टाकावा, कारण पक्षी जायबंदी झाला तर मामला बदलतो. जाळंही ताणून बसवलेलं हवं. ढिलं नायलॉनचं जाळं झाडावर नुसतं टाकून दिलं की त्यात पोपट, घुबड, साप अडकून मरतात, आणि मग हा बचाव होता की फास, असा प्रश्न येतो. घुबड मेलं तर तोटा आपलाच. भाताच्या बांधातले उंदीर मारणारा तो बिनपगारी राखणदार आहे.

पाखरांना पळवायला कार्बाइडची पाइपाची बंदूक उडवण्याचं खूळ अलीकडे वाढलं आहे. ती घरात आणूच नका. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या बंदुकांमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. विषाचं तर बोलायलाच नको. अर्जेंटिनात 1995-96 च्या हंगामात टोळांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं आणि ते टोळ खाऊन हजारो ससाणे मेले. भाजीपाल्यावर हे औषध वापरायला आपल्याकडे 2005 पासून बंदी आहे, आणि मिरची भाजीपाल्यातच येते.

'परदेशात शेतकरी मनाला येईल तेव्हा पाखरं मारतो, कायदे फक्त आपल्याच माथी' असंही म्हटलं जातं. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे कावळे, रानकबुतरं अशा 16 जातींसाठी सर्वसाधारण परवाने होते. अटी पाळल्या की वेगळा अर्ज लागत नसे. एका पर्यावरण संस्थेने त्यांना कायदेशीर आव्हान दिलं आणि 25 एप्रिल 2019 रोजी ते एका फटक्यात रद्द झाले. ऐन कोकरं जन्मण्याचा हंगाम, कोवळ्या पिकाचे दिवस. शेतकरी भडकले, मंत्र्यांना लक्ष घालावं लागलं, काही आठवड्यांत नव्या अटींचे परवाने निघाले. तिथलाही शेतकरी परवान्याच्या चौकटीतच आहे. फरक इतकाच की त्याची संघटना त्या चौकटीवर भांडते.

आपल्याकडे परवान्याची वाट अजिबात नाही, असंही नाही. कलम 11 सांगतं की दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला घातक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीकही धरलेलं आहे. मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी राज्याने हा अधिकार खाली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत दिला आहे, म्हणून डुकराचा परवाना कुणाला मिळाल्याचं आपण ऐकतो. पण डुकराचा परवाना म्हणजे पोपटाचा नव्हे. आणि खरं सांगायचं तर थव्याने येणाऱ्या पाखरापुढे बंदुकीचा परवाना फारसा कामाचाही नाही. दहा मेली तर शंभर दुसऱ्या बांधावर बसतात.

म्हणून माझ्या मते झगडायची जागा भरपाई ही आहे. 'पाखराने खाल्लं त्याचे पैसे मिळत नाहीत' ही समजूत आजवर जवळजवळ खरी होती. राज्याच्या पीक नुकसान भरपाईच्या शासन निर्णयात रानडुक्कर, हरीण, रानगवा, नीलगाय, माकड, वनहत्ती अशी नावं आहेत. पक्ष्याचं नाव नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची डाळिंबाची बाग 2016 मध्ये जवळच्या अभयारण्यातून आलेल्या पोपटांनी फस्त केली. यादीत पोपट नाही म्हणून त्याला नकार मिळाला. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. न्यायालयाने म्हटलं, पोपट कायद्याने वन्यप्राणीच आहे; एका वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीला पैसे आणि दुसऱ्याने केलेल्या नुकसानीला नाही, हे बरोबर नाही. 200 झाडांसाठी झाडामागे 200 रुपये द्या, असा आदेश झाला. रक्कम 40 हजार, म्हणजे बागेच्या मानाने तुटपुंजी, आणि तीही इतक्या वर्षांनी. तरी या निकालाने डहाणूच्या बागायतदारालाही बोट ठेवायला जागा दिली. ज्या पक्ष्याला कायदा सांभाळायला सांगतो, त्याच्या पोटाचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा, या प्रश्नाला आजवर कुणी नीट उत्तर दिलेलं नव्हतं.

चिकूवाल्यांचा आणखी एक घोळ असतो. फळपीक विमा काढला आहे, म्हणजे वटवाघळांनी खाल्लेलं भरून निघेल, अशी आशा असते. तो विमा हवामानावर आधारलेला आहे. पाऊस आणि आर्द्रतेचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की पैसे मिळतात. झाडावर कोण आलं होतं याची तिथे नोंदच नसते.

दावा करायचा तर कोणी खाल्लं ते दाखवता आलं पाहिजे. पहाटे बागेत फिरा. फळाचा चावून पिळून काढलेला, गोळी करून थुंकलेला चोथा झाडाखाली पडलेला असेल तर ते वटवाघूळ. ते रात्री येतं, आणि ते पाखरू नव्हे, सस्तन प्राणी आहे. पोपट दिवसा येतो, चोचीने बोचकारून अर्धं फळ खाली टाकतो आणि दुसऱ्याला लागतो. शिवाय चिकू आपण कडक असतानाच उतरवतो, त्यामुळे झाडावर पिकलेली राहून गेलेली फळंच आधी लक्ष्य होतात. तोडणी वेळेवर झाली की निम्मा ताप कमी होतो.

भाताचं गणित वेगळं. शिवारात एकट्याचंच हळवं भात असेल तर आजूबाजूची गरवी खाचरं हिरवी असताना सगळा थवा त्या एका तुकड्यावर पडतो. शेजाऱ्यांनी ठरवून एकाच मुदतीची जात लावली की नुकसान वाटलं जातं आणि राखणही मिळून करता येते. चमकणारी फीत लोंब्यांच्या थोडी वर, पीळ देऊन ताणावी, म्हणजे वाऱ्याने फडफडते आणि उन्हात चमकते. ती दाणा दुधात आल्यावरच लावावी. आधीपासून लावली तर पाखरं आठवडा-दोन आठवड्यांत सरावतात आणि ऐन वेळी तिला भीत नाहीत. बुजगावण्याचंही असंच, जागा आणि कपडे बदलत राहिलं तरच उपयोग.

राहिला कागद. नुकसान दिसताच तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तलाठी आणि कृषी सहाय्यकाला पंचनाम्याला बोलवा. यादीत पक्षी नाही म्हणून अर्ज घेतला नाही तर नकार लेखी मागा. हे आता जास्त महत्त्वाचं झालं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून घ्यायचं ठरवलं, खरीप 2026 पासून, 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवण्याच्या अटीवर. कोणते प्राणी धरायचे याची यादी राज्याने द्यायची आहे आणि कोणते जिल्हे धरायचे ते मागच्या नोंदींवरून ठरायचं आहे. पालघर जिल्ह्यातून पाखरांच्या तक्रारी लेखी गेल्याच नाहीत, तर त्या नोंदीत पालघर कोरंच दिसेल.