कार्यपरिस्थिती आणि उत्पादकता : अहमदाबाद येथील एक प्रयोग

कामगाराची उत्पादकता व त्याचे कार्यसमाधान ही कार्यपरिस्थितीवर अवलंबून असतात, हे विधान सर्वमान्य आहे. तथापि कार्यपरिस्थिती म्हणजे केवळ प्रकाश, हवा, तापमान आणि यंत्रसामग्री असा अर्थ घेतल्यास अनेक अनुभवांचा उलगडा होत नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील प्रयोग ह्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

१९५२ साली तेथील एका विणकाम खात्यात स्वयंचलित माग चालू करण्यात आले. यंत्रे नवी होती आणि प्रत्येकाचा कार्यभारही मोजून ठरविलेला होता. असे असूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस ह्यांनी खात्याची पाहणी केली. २२४ मागांवर २९ कामगार असून त्यांच्यात १२ प्रकारची कामे विभागलेली होती. विणकर, कांड्या भरणारा, तुटलेला ताणा सांधणारा ह्यांपैकी प्रत्येकाकडे सोपविलेल्या मागांची संख्या निरनिराळी होती. परिणामी विणकराला अनेकांवर विसंबावे लागे. परंतु त्याचा असा निश्चित गट कोणताच नव्हता. कामे परस्परावलंबी आणि माणसे मात्र सुटी, ही विसंगतीच अडचणीचे मूळ होती.

ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाने घ्यावी, असे राइस ह्यांनी सुचविले. कल्पना मांडताच कामगारांनी आपण होऊन गट जुळविले. माग तेच राहिले. परंतु आरंभीचे चढउतार ओसरल्यावर कार्यक्षमता शेकडा सुमारे ८० वरून ९५ वर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून २० पर्यंत उतरले.

ह्या आकड्यांचा अर्थ मर्यादेनेच घ्यावयास हवा. त्यांनी उत्पादन मोजले जाते, समाधान नव्हे. गट जुळविण्यातील कामगारांची उत्सुकता हा समाधानाचा केवळ अप्रत्यक्ष पुरावा होय. शिवाय १९७० साली एरिक मिलर ह्यांनी केलेल्या फेरपाहणीत एका खात्यात गटपद्धती जवळजवळ अबाधित आढळली, तर अन्यत्र काम जुन्या वळणावर गेलेले दिसले. म्हणजेच अशी रचना एकदा घडवून भागत नाही. ती जपावीही लागते.

तात्पर्य, उत्पादन घटताच कामगाराच्या आळसाकडे बोट दाखविण्यापूर्वी कामाची मांडणी तपासणे अगत्याचे आहे.